सर्पस्नानविधी : अधिकार, काल आणि निषेध

पाळीव सापाला कात टाकणे सोपे जावे म्हणून त्याला जे स्नान घातले जाते, त्यास या प्रकरणात ‘सर्पस्नान’ असे म्हटले आहे. ते घालणारा तो ‘स्नापक’, आणि ज्याची मुळीच इच्छा नसताना ते घातले जाते तो ‘स्नाप्य’. धामण, दिवड, नानेटी अथवा परसात निघणारा अन्य कोणताही देशी साप या विधीस पात्र नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो घरी पाळता येत नाही, आणि त्याच्या बाबतीत स्नापकाचे कर्तव्य दूर उभे राहून सर्पमित्राला फोन करणे एवढेच उरते. प्रस्तुत विवेचन आहे ते बॉल पायथन या बिनविषारी आफ्रिकी अजगराविषयी, जो घाना, टोगो, बेनिन या देशांत मूळचा राहणारा असून घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो आणि अमेरिकेत घरोघरी पाळला जातो. त्यातही विशेषेकरून शिकागोच्या किंवा डेट्रॉइटच्या उपनगरात, एखाद्या मराठी घराच्या तळघरात, काचेच्या पेटीत राहणाऱ्या बॉल पायथनाविषयी.

अशा घरात स्नापक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. साप येतो तो मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला, ‘सगळं मीच करीन’ या मुलाच्या आश्वासनावर, आणि ‘या घरात एक तर तो राहील नाहीतर मी’ हे वडिलांनी निक्षून सांगितल्यानंतर साधारण पंधरवड्याने. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षे सहज जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीने तर २०२० साली, साठी उलटून गेल्यावर आणि कित्येक वर्षे नराचे तोंडही न पाहता, अंडी घातली. मुले मात्र अठराव्या वर्षी कॉलेजला निघून जातात, आणि कॉलेजच्या वसतिगृहात साप चालत नाही, असे त्यांना नेमके सामान बांधताना आठवते. या वयांची वजाबाकी केली असता जी बारा ते बावीस वर्षे शिल्लक राहतात, ती ज्याच्या वाट्याला येतात तोच खरा स्नापक, म्हणजे बाप. आणि पुढील सर्व नियम त्यालाच उद्देशून आहेत.

कात टाकणे म्हणजे काय, हे त्याने प्रथम समजून घ्यावे, म्हणजे निम्मी स्नाने आपोआप टळतील. सापाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, कठीण पेशींचा असतो. त्याच्याखाली नवा थर पूर्ण तयार झाला की दोहोंच्या मध्ये द्रव पाझरतो, जुना थर सुटा होतो आणि साप नाक एखाद्या खडबडीत दगडावर किंवा लाकडावर घासून ओठांपासून सुरुवात करतो व पायातून मोजा उलटा ओढून काढावा तसा त्या थरातून पुढे सरकत बाहेर पडतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. प्रकृती चांगली असेल आणि हवा पुरेशी दमट असेल तर ओठांपासून शेपटीच्या टोकापर्यंत सबंध कात एकसंध निघते, आणि या सगळ्या व्यवहारात माणसाचे कोणतेही काम नसते. पश्चिम आफ्रिकेत हे अजगर बिळांत दडून राहतात, यथाकाल काती टाकतात, आणि तेथे त्यांना न्हाऊ घालायला कोणी बाप बादली घेऊन उभा नसतो.

मग अडते कुठे, तर डेट्रॉइटच्या हिवाळ्यात. बाहेरची गोठलेली हवा आत येऊन भट्टीवर तापते, तेव्हा तिच्यातील आर्द्रतेचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. माणसांचे ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी बसते, आणि ज्याला एरवी पन्नास-साठ टक्के व कात टाकतेवेळी त्याहून थोडी अधिक आर्द्रता लागते त्या अजगराची कात अंगावरच वाळून तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहते. यावरचा खरा उपाय पेटीत आहे, न्हाणीघरात नाही. आर्द्रतामापक लावावा, पेटीची जाळी थोडी झाकावी, पाण्याचे भांडे मोठे ठेवावे, आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला साप आत शिरेल एवढे भोक पाडून त्यात ओले, पण घट्ट पिळलेले शेवाळ भरून ठेवावे. साप स्वतःच आत जाऊन बसतो आणि कात टाकून बाहेर येतो. एवढे केले तर बहुतेक वेळा स्नानाचा प्रसंगच येत नाही. हा उपाय स्वस्त, सोपा आणि खात्रीचा असूनही स्नापकवर्गात तो लोकप्रिय नाही, कारण त्यात स्नापकाला करण्यासारखे काही नसते, आणि आपण काही केलेच नाही व तरीही सगळे नीट झाले, ही स्थिती मराठी बापाला सोसत नाही.

कालनिर्णय. कात जवळ आली की अंगाचा रंग मळकट होतो, पोट गुलाबीसर दिसू लागते आणि डोळ्यांवर निळसर दुधी झाक येते. या काळात सापाला नीट दिसत नाही, तो चिडका होतो आणि अन्न नाकारतो. यास रोग समजून रात्री-अपरात्री मुलाला फोन लावू नये, कारण मुलगा जागा असला तरी तो सापामुळे नव्हे. पुढे काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि ‘टाकली वाटतं’ असे म्हणत स्नापक पेटीत कात शोधू लागतो. ती तिथे नसते, कारण ती अजून सापाच्या अंगावरच असते आणि आणखी काही दिवसांनी निघते. दुधी डोळ्यांच्या काळात स्नान निषिद्ध. स्वच्छ डोळ्यांच्या काळात अनावश्यक. कात निघून गेली आणि अंगावर तुकडे राहिले, तरच स्नान विहित. जेवणानंतर निदान दोन दिवस सापाला उचलूही नये. उचलल्यास गिळलेला उंदीर तो परत करतो, आणि त्याचे वर्णन या ग्रंथाच्या मर्यादेत बसत नाही.

द्रव्य म्हणाल तर पाणी, आणि फक्त पाणी. येथे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. जिने दोन पिढ्यांतली तान्ही मुले पायांवर घेऊन तेल लावून, डाळीच्या पिठाने चोळून न्हाऊ घातली, तिच्या अधिकारापुढे बापाचे पुस्तकी ज्ञान टिकत नाही. ‘कढत पाणी घे रे, अंग मोकळं होईल त्याचं’ असे ती जिन्याच्या वरच्या पायरीवरून सांगते, कारण खाली येण्यास तिचा नकार असतो. तरीही तेल, हळद, उटणे, साबण आणि दूध ही पाचही द्रव्ये वर्ज्य समजावीत. साप दूध पीत नाही, आणि नागपंचमीला तो प्यायलेला कोणी पाहिला असेल तर तो तहानेने व्याकूळ करून आणलेला असतो. पाण्याच्या उष्णतेबाबत तर आजीचे मुळीच ऐकू नये. माणसाच्या हाताला जे कोमट लागते ते सापाला जास्तच गरम असते. अठ्ठावीस ते तीस अंश सेल्सिअस, म्हणजे हाताला किंचित गारच भासेल असे पाणी घ्यावे, आणि कोपर बुडवून पाहण्याऐवजी तापमापक बुडवावा.

विधी थोडक्यात असा. सापापेक्षा ऐसपैस डबा घ्यावा, झाकणाला हवेसाठी भोके असावीत, पाणी सापाच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच असावे म्हणजे डोके सहज वर राहील, आणि पंधरा-वीस मिनिटे स्नापकाने तिथून हलू नये. पाण्यात साप हमखास शी करतो. पाणी बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. भिजल्यावर त्याला ओल्या, खरखरीत टॉवेलातून हलक्या हाताने सरकू द्यावे. सुटणारे तुकडे टॉवेलाला लागून राहतात, न सुटणारे ओढू नयेत.

या पंधरा-वीस मिनिटांत स्नापक सापाशी मराठीत बोलतो, असे सर्वत्र आढळते. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपने आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात, परंतु ‘झालंच हां राजा, एवढं शेपटीचं राहिलं’ यातले त्याला काही कळत असेल असे मानण्यास आधार नाही. तथापि ज्या घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गेली आठ वर्षे इंग्रजीत उत्तर मिळत आले आहे, तेथे निदान हा श्रोता इंग्रजीत उत्तर देत नाही, ही गोष्ट काही कमी नव्हे, आणि म्हणून या बोलण्याचा निषेध करणे प्रस्तुत ग्रंथास योग्य वाटत नाही.

दोन गोष्टींकडे मात्र हसण्यावारी पाहू नये. डोळ्यावरचा खवला निघाला नसेल तर चिमटा, नख, चिकटपट्टी यांपैकी काहीही त्याच्या जवळ नेऊ नये. खालचा नवा खवला फाटला तर डोळा जातो. आर्द्रता सुधारावी, पुढच्या कातीबरोबर तो निघतो का पाहावे, आणि न निघाल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. दुसरे, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचे कडे राहू देऊ नये. एकावर एक कडी साचली की ती आवळतात, रक्त पोचत नाही आणि टोक वाळून गळून पडते. हवा दमट असूनही दर खेपेस कात तुकड्यांनीच निघत असेल, तर खवल्यांच्या फटींत गोचिडीच्या जातीचे बारीक काळे किडे आहेत का ते तपासावे. अशा वेळी नुसत्या स्नानाने भागत नाही.

स्थळाविषयी एकच नियम आहे, पण तो घरातील शांततेसाठी सर्वांत महत्त्वाचा. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, आणि त्यांचा त्रास लहान मुलांना व वृद्धांना अधिक होतो. म्हणून स्वयंपाकघरातील सिंक, आणि आजी जिथे आंघोळ करते ते न्हाणीघर, ही दोन्ही स्थळे वर्ज्य. डबा वेगळा, टॉवेल वेगळा, आणि शेवटी हात साबणाने धुवावेत. सर्पस्नानात साबणाचा उपयोग हा एवढाच.

निघालेली कात मोजून ‘पाच फूट झाला’ असा संदेश मुलाला पाठवण्याचा मोह होतो. खवल्यांमधली घडी घातलेली त्वचा निघताना ताणली जात असल्याने कात सापापेक्षा बरीच लांब भरते, आणि हे मुलाला पक्के ठाऊक असते, कारण दहाव्या वर्षी त्यानेच ते वडिलांना वाचून दाखवले होते. कातीनंतर सापाला कडकडून भूक लागते, तेव्हा गोठवलेला उंदीर आदल्या रात्री काढून ठेवावा. उंदरांचे पाकीट फ्रीझरमध्ये मोदकांच्या सारणाशेजारी न ठेवता सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे आणि त्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात, देवनागरीत लिहावे.