घरात जेवाक नाय काय?

हाउन्स्लो, लंडन

ती. बाबा आणि ती. आई यांस,

शनिवारी दुपारी शहर ओलांडून मैत्रिणीबरोबर हॉटेलात जेवायचं, या आमच्या सवयीवर आईने फोनवर चार शब्दांत निकाल दिला: ‘घरात जेवाक नाय काय?’ आईच्या निकालावर फोनवर अपील चालत नाही, म्हणून हे लेखी. पहिला मुद्दा असा, की हा प्रश्न तारकर्लीत न्याहारी-निवासाची पाटी लावून बसलेल्या घरातून यावा, याचंच नवल आहे. मुंबईचा माणूस शुक्रवारी रात्री कोकणकन्येत बसतो, सकाळी कुडाळला उतरतो, रिक्षावाल्याशी घासाघीस करतो आणि तुमच्या पडवीत सुरमईच्या थाळीपुढे बसतो. जवळजवळ पाचशे किलोमीटर. त्याच्या घरी गॅस आहे, बायको आहे, मासळीबाजार आहे. त्याला कधी विचारलंत का, घरात जेवाक नाय काय म्हणून? उलट ‘आणखी दोन वडे घ्या हो’ म्हणता. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून आपलं अर्धं गाव दुसऱ्यांच्या लेकरांनी घराबाहेर जेवावं म्हणून देवाला गाऱ्हाणं घालतंय. मग हाउन्स्लोहून मैत्रिणीच्या ईस्ट हॅमला, म्हणजे साधारण कुडाळ स्टेशन ते तारकर्ली एवढ्या अंतरावर, आम्ही गेलो तर ते पर्यटन नसून उधळपट्टी कशी?

‘आपल्यात हे नव्हतं’ असं बाबा म्हणतील. बाबा, आपल्यातच तर होतं. मुंबईच्या गिरणगावात राहिलेली कोकणातली पिढी कुणाच्या हातचं जेवली? बायकापोरं गावी भातशेती सांभाळत होती, आणि एकेका खोलीत दहा-पंधरा चाकरमानी पाळीपाळीने झोपत होते. त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घातलं ते खानावळवाल्या बायकांनी. त्या इतक्या होत्या, की सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ काढावं लागलं. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाला ताटाइतकीच पंगतही लागते, हे त्या खानावळींनी ओळखलं होतं. घरी जेवण्याचा हट्ट धरला की काय होतं, याचा पुरावा लंडनातच आहे. पाटण्याचा दीन महंमद याने १८१० मध्ये इथे पहिलं हिंदुस्थानी उपाहारगृह काढलं. हुक्के, वेताच्या खुर्च्या, सगळा थाट. पण श्रीमंत साहेबांच्या घरी आपापले स्वयंपाकी होते. १८१२ मध्ये बिचाऱ्याचं दिवाळं निघालं. रीजंट स्ट्रीटवर वीरास्वामी १९२६ साली उघडलं ते मात्र टिकलं, कारण तोवर साहेबाला घराबाहेर जेवायची अक्कल आली होती.

आता तुमचा सगळ्यात जड आक्षेप: मैत्रिणीला घरीच बोलवा की! ऐकायला हे फार प्रेमळ वाटतं. पण आपल्या घरी पाहुणा आला की काय होतं ते आठवा. कोंबडी-वडे होतात, पुरुष पडवीत गजाली मारतात, आणि जिच्यासाठी पाहुणी आली ती घरधनीण वडे तळत आत. जाताना उंबऱ्यावर दोघी एकमेकींचा हात धरून ‘काय बोलणंच झालं नाही गे’ म्हणतात. इथे तर दोघीही आठवडाभर नोकरी करणाऱ्या. एकीने शनिवारची सकाळ वाटणात घालवायची आणि दुसरीने ‘कित्याक एवढा केलंस?’ असं दर दहा मिनिटांनी म्हणायचं, याला भेट म्हणत नाहीत. शिवाय इथल्या फ्लॅटात बांगडा तव्यावर टाकला की छतावरचं धूर ओळखणारं यंत्र असं किंचाळतं, की शेजारी चपला न घालता खाली उतरतात. हॉटेलात यजमान कुणी नसतं, म्हणून पाहुणंही कुणी नसतं. दोघी खुर्चीवर बसतात आणि उठेपर्यंत बसूनच राहतात. आईने हे सुख हिशेबात धरलेलं नाही, कारण तिच्या वाट्याला ते फारसं आलेलंच नाही. तुमच्या पडवीत जेवायला येणाऱ्या बायका निघायला एवढा उशीर का करतात, त्याचंही उत्तर यातच आहे.

चवीचं म्हणाल तर मान्य. इथे सुरमई बर्फातून येते, तिरफळाचा पत्ता नसतो आणि ‘कोस्टल करी’ नावाखाली जे वाढतात त्यात नारळ किती आणि साय किती हे देवच जाणे. (तुमच्याकडेही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि ताटात सुका बांगडा येतो; तेव्हा बर्फाला फार हसू नका.) पण माझं म्हणणं असं, की जेवण सुमार असणं हाच या भेटीचा मोठा फायदा आहे. मालवणी माणसाला जेवण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, जेवणाला नावं ठेवणं आवडतं. कुणाच्या घरी ती सोय नाही: सोलकढी पाण्यासारखी असली तरी दुसरा पेला मागावा लागतो. हॉटेलात पैसे मोजून मोकळेपणाने नावं ठेवता येतात. ‘ही कढी? आमच्याकडे ह्या पाण्यात हात धुतील,’ एवढ्या एका वाक्यावरून दोन बायका देवबागच्या संगमापर्यंत जाऊन येतात. उत्तम जेवणावर माणसं गप्प होतात. असल्या जेवणावर तास-दीड तास सहज निघतो.

जाण्यायेण्यात दोन-तीन तास मोडतात, तेवढ्यात व्हिडिओवर बोलता येत नाही का, हा बाबांचा मुद्दा. येतं की. पण फोनवर माणूस बातमी सांगतो: पोरगं पास झालं, बॉयलर बिघडला. बातमी संपली की ठेवतो. समोर ताट असलं की ते संपेपर्यंत उठता येत नाही, आणि खरी गजाल बातमी संपल्यावर सुरू होते. प्रवासाचं म्हणाल, तर एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून शहर आडवं कापणं पुष्कळ सोपं झालंय. आणि एवढी वाट तुडवून आलेली बाई पंधरा मिनिटांत ‘चल, निघते’ म्हणत नाही, हा लांब राहण्याचा लाभच समजा.

राहिला पैसा. तो जातो, खोटं कशाला बोलू? साडेबारा टक्के सेवाशुल्क बिलात आपसूक येऊन बसतं. ते ऐच्छिक असतं, पण काढायला सांगण्याची छाती मराठी माणसाला होत नाही. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून ते पैसे वाढणाऱ्या-रांधणाऱ्यांनाच पुरते द्यायचे, असा इथे कायदा आहे. खानावळवाल्यांच्या घरातून त्याला विरोध होऊ नये. दारू विकायचा परवाना असलेल्या हॉटेलात साधं पाणी मागितलं की फुकट द्यावंच लागतं, तेव्हा तिथेही आम्ही चार पैसे वाचवतो. बिल निम्मंनिम्मं करायची इथली रीत आहे, कार्डाच्या यंत्रात तशी सोयही असते. ती आम्ही मुद्दाम वापरत नाही. एका खेपेला एकीने भरायचं, दुसऱ्या खेपेला दुसरीने. मागचं बिल मैत्रिणीने भरलंय. आता तुमचं ऐकून जाणं बंद करायचं, तर आपल्या घराण्यावर ईस्ट हॅमचं कर्ज राहील, आणि ते बुडव असं सांगायला बाबा तयार असतील तर तसं लेखी कळवावं.

तुमची,
चेडू