वाठार तर्फ वडगाव

मला इतिहास पाठ असतो, स्टॉप नसतात. पेठ वडगावच्या आत्याकडे उतरायचं आणि तिला घेऊन पन्हाळा बघायचा, असा बेत होता. 1710 पासून 1782 पर्यंत करवीरची राजधानी असलेलं गाव! शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना मी पुण्यापासून हेच सांगत होतो. ते झोपले, मग श्रोता नाही म्हणून मीही झोपलो.

"वाठारवाले, चला!" कंडक्टर ओरडला. तिकीट मीच तोऱ्यात 'एक वाठार' म्हणून काढलं होतं. धडपडत उतरलो. एसटी गेली आणि फळीवरची बाकरवडीची पिशवीही गेली.

फोन वाजला. "उतरलास का रं?"

"उतरलो. हायवेलाच, रसवंतीपाशी."

"मी बी रसवंतीपाशीच हाय की!"

"समोर पंक्चरवाला आहे."

"हितं बी हाय. हात वर कर बघू."

मी केला. एक ट्रक तेवढा थांबला.

रसवाले आजोबा चरकात ऊस सारत सगळं ऐकत होते. "पावनं, कंचं वाठार पायजे? ह्ये कराडचं. तुमचं वाठार तर्फ वडगाव. त्ये लांब ऱ्हायलं, वारणेपल्याड."

वारणा! 1731 च्या तहात वारणेच्या उत्तरेचा मुलूख सातारच्या शाहूंकडे आणि दक्षिणेचा करवीरच्या संभाजींकडे गेला, हे मी दहावीपासून घोकतोय. आज मी सातारकरांच्या हद्दीत उभा होतो आणि बाकरवडी करवीरकरांच्या. चुलतभावांचं भांडण एका नदीवर मिटलं. माझ्या वाट्याला मात्र तीन भरलेल्या एसट्या, एक वडाप आणि मांडीवर कोणाची तरी कोंबडी.

अडीच तासांनी आत्या दिसली. सत्तरीची बाई, डोक्यावर पदर, त्याच रसवंतीच्या बाकड्यावर. शिव्या खायच्या तयारीनं गेलो, तर ती रसवाल्याला म्हणाली, "आला बाबा. दे आता दोन गिलास."

"तू इतका वेळ काहीच घेतलं नाहीस?"

"एकटीनं काय प्यायचं?"

मला बराच वेळ काही बोलता येईना.

सकाळी वडगावातच धनाजी जाधवांची समाधी पाहिली. आयुष्यभर मोगलांना पळवणारा हा सेनापती 1708 मध्ये पायाच्या जखमेनं गेला. आत्यानं वाकून नमस्कार केला आणि माझ्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, ताराराणींचा वाडा आणि धुकं. राजधानी खाली कोल्हापुरात का नेली, हे मला दुसऱ्याच चढावर पटलं.

तुम्ही वडगावला निघालात तर तिकीट पूर्ण नाव घेऊन काढा आणि किणीचा टोलनाका गेल्याशिवाय जागचे हलू नका.