आल्याच्या कुळातले अण्णा

अण्णांना माणसांच्या गोतावळ्यात रस नाही. कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, कुणाची सून माहेरी बसली, त्यांना पत्ता नसतो. त्यांचा सगळा जीव आल्याच्या घराण्यात. आलं हा तिथला कर्ता पुरुष. वाळवला की त्याची सुंठ होते, आणि वाळल्यावर तिखटपणा वाढतो, हे काकूंकडे न बघता सांगायचं. हळद म्हणजे घरची लक्ष्मी. फोडणीत तीच, कापलेल्या बोटावर तीच, जेजुरीला भंडारा म्हणून उधळतात तीही तीच. वेलदोडा हा श्रीमंत चुलतभाऊ, केरळात इडुक्कीच्या डोंगरात राहतो आणि ग्रॅमच्या भावानं विकला जातो. सोनटक्का हौशी. इकडे बायकांच्या वेणीत रमला, तिकडे क्युबात थेट राष्ट्रीय फूल झाला. केळ आणि कर्दळ भावकीतल्या खऱ्या, पण कूळ वेगळं. "सुतक नाही लागत," अण्णा खुलासा करतात.

इमारतीत कुणाचा पाय मुरगळला, की डॉक्टरच्या आधी अण्णा सहाणेसकट हजर. आंबेहळद उगाळून कोमट लेप घालतात. लेप वाळेपर्यंत पेशंटला हलता येत नाही, तेवढ्यात १९९५ सालची गोष्ट होते. हळदीनं जखम भरते, यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं जुने पुरावे पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. अण्णा तेव्हा एका कचेरीत आवक-जावक बघत होते, पण सांगताना "आपण लढलो" म्हणतात.

मंडईत त्यांना लांबून ओळखतात. कंद उचलायचा, नखानं खरवडायचा, कट्कन मोडायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. आत गर्द केशरी निघाली तर हळद. फिकट निघून कैरीचा वास आला तर आंबेहळद, लोणच्याला एक नंबर.

"पाव किलो देऊ?" भाजीवाली विचारते.

"नको, खात्री करून घेतली."

"मग ही मोडलेली कोण घेणार, माझा बाप?"

अण्णा मोडलेली घेऊन येतात. काकूंकडे त्या लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा उरलेली नाही.

परवा पुतणीची हळद होती. सुवासिनी आंब्याची पानं घेऊन ताटकळलेल्या, नवरी पाटावर, आणि अण्णांनी वाटीच उचलली. नाकाशी नेली. "सेलम की राजापुरी? सांगलीहून आणली की वायगावची आहे?" कुणालाच सांगता येईना. दुकानातली पुडी फोडली होती.

नवरी वैतागली. "अण्णाकाका, एवढी चौकशी नवऱ्याची तरी केली होती का?"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "नवरा असा मोडून हुंगता येतो का?"