सोबतीचे एकशेवीस तास

(चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळचं एक गाव. कवेलूच्या घराच्या ओसरीवर आजी चिंचा फोडत बसली आहे. कॉलेजचा स्वयंसेवक वही काखेत धरून अंगणात उभा.)

स्वयंसेवक : नमस्कार आजी. मी राष्ट्रीय सेवा योजनेतून आलोय. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सोबत द्यायची, असा आमचा उपक्रम आहे.

आजी : किती देतेस?

स्वयंसेवक : काय किती?

आजी : सोबत. राशनवाला तरी किलो सांगते.

स्वयंसेवक : आम्हाला वर्षाला १२० तास सेवा करावी लागते. त्यातला दर शनिवारी एक तास तुमचा.

आजी : अन् बाकीचे?

स्वयंसेवक : झाडं लावणं, रस्ते झाडणं...

आजी : म्हंजे झाडाच्या अन् झाडूच्या मधात मी. बस बाबू, बाजेवर.

स्वयंसेवक : (वही उघडून) पहिला प्रश्न. तुम्हाला एकटं वाटतं का? कधीच नाही, कधीकधी की नेहमी?

आजी : तू इचारल्यापासून वाटून रायलं.

स्वयंसेवक : ‘कधीकधी’ लिहितो. घरी कोण कोण असतं?

आजी : पोरगा अन् सून मिरची तोडाले तेलंगणात गेले. मिरची सरली का येतीन. नातू पुन्याले कंपनीत. कोंबड्या तेवढ्या घरी हायेत, त्याईले नोकरी नाई लागली.

स्वयंसेवक : आणि श्रावणबाळ योजना?

आजी : तो तं दर महिन्याले येते, दीड हजार घेऊन. पन बँकेत येते, घरी नाई येत.

स्वयंसेवक : हा नंबर भिंतीवर लिहून ठेवतो, १४५६७. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, एकदम फुकट. मन मोकळं करायला सकाळी ८ ते रात्री ८ कधीही फोन करा.

आजी : अन् आठनंतर?

स्वयंसेवक : बंद.

आजी : एकटेपन तं आठनंतरच येते बाबू. दिवसा त्यालेबी रोजी असते.

स्वयंसेवक : आजी, हा प्रश्न जगभरचा आहे. ब्रिटनने तर २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमल्या. बाईच होत्या.

आजी : मंत्रीनबाईच्या मांगंपुढं पन्नास मानसं असतीन. तिले कोनं सांगतलं एकटेपन कसं रायते तं?

स्वयंसेवक : तुम्ही थोडं बाहेर पडायला हवं. पंचाहत्तरी झाली ना? २०२२ पासून एसटी फुकट आहे.

आजी : पडली ना बाहेर. वडस्याले बहिनीकडं गेली. तिचीबी पंचाहत्तरी झाली, तं ती त्याच दिवशी माह्याकडं निंगाली. नागभिडात दोघीच्या एसट्या एकमेकीले ओलांडून गेल्या. दोघी कुलूप पाहून वापस.

स्वयंसेवक : छंद? काही आवड?

आजी : झाडीपट्टीचं नाटक. दिवारीपासून रातभर.

स्वयंसेवक : वा! कोणतं नाटक आवडलं?

आजी : नाटक कोन पायते? गावात नाटक असलं का घरी वीस पाव्हने येतात. पोरीपोट्ट्याईच्या सोयरिकी तिथंच ठरतात. पडद्यापुढचे लोक आपलं बोलतात, आमी आपलं.

स्वयंसेवक : मला मात्र अंधाराआधी निघावं लागेल. वाघ आहे म्हणतात.

आजी : हायेच. पयले मोह वेचाले आमी दहा-बारा बाया हासत-बोलत जात होतो. आता जंगलवाले म्हनतात, एकटं जाऊ नका, टोलीनं जा. टोली कोठून आनू? अर्ध्या तेलंगणात, अर्ध्या टीव्हीपुढं.

स्वयंसेवक : वाघ वाढलेत ना. माणसांची जनगणना झाली २०११ मध्ये. त्यानंतर वाघ मोजले २०१४ ला, २०१८ ला आणि २०२२ ला.

आजी : तीनदा! कसे मोजतात?

स्वयंसेवक : झाडाला कॅमेरे बांधून. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून ओळखतात.

आजी : माह्या सुरकुत्या कोनी येवढ्या ध्यान देऊन नाई पायल्या.

स्वयंसेवक : (घाईनं पान उलटत) शेवटचा रकाना. तुमची गरज काय? औषध, रेशन, कागदपत्रं, गप्पा...

आजी : लिव, मागनारं मानूस.

स्वयंसेवक : देणारं म्हणायचंय का?

आजी : देनारे लय झाले. तांदूर सरकार देते, पैसे सरकार देते, तास तू देतेस. पयले सकारी माह्यी चूल पेटली का चार बाया विस्तव मागाले येत. विस्तव दोन मिनिटाचा, बोलनं तासाचं.

स्वयंसेवक : मग थांबल्या का?

आजी : गॅस आला.

स्वयंसेवक : हां, उज्ज्वला. २०१६.

आजी : चांगलं झालं, डोरे चुरचुरनं गेलं. पन विस्तवासंगं बायाबी गेल्या. मंग ताक मागत, आता दुकानात पुडी भेटते. बारंतीनीले काय खाऊ घालाचं ते इचारत, आता मोबाईलले इचारतात. मोबाईल माह्याच नातवाच्या वयाचा, त्याले बारंतपनातलं का समजते?

स्वयंसेवक : तुम्ही म्हणता ते पटतं आजी. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं, तेव्हा कुष्ठरोग्यांना भीक नाही, काम दिलं. त्यांनी शेती पिकवली. आधी त्यांची भाजी कोणी घेत नव्हतं, पुढं तिलाच गिऱ्हाईक आलं.

आजी : पाय! गिऱ्हाईक आलं तवा ते मानसात आले. हार घालाले येनारे तं कवाबी येतात.

स्वयंसेवक : मग मी काय करू?

आजी : माग.

स्वयंसेवक : काय मागू?

आजी : जेवतेस कोठं?

स्वयंसेवक : मेसला. दही म्हणून पांढरं पाणी वाढतात.

आजी : (आतून डबी आणत) हे घे विरजन. रातच्याले कोमट दुधात लाव. दूध कढत असलं तं फाटन, थंड असलं तं लागनारच नाई. बोट बुडवून पायजो. शनिवारी डबी वापस पायजे.

स्वयंसेवक : नको आजी, लाभार्थ्याकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.

आजी : घेऊन नाई रायला, उधार नेऊन रायला. लाभार्थी तू. आन ती वही, तुह्यं नाव लिवतो.

स्वयंसेवक : बरं, नेतो. आता इथं सही करा, तास भरला.

आजी : वही ठेव इथंच.

स्वयंसेवक : अहो, ती कॉलेजात द्यायची आहे! माझे सगळे तास त्यात आहेत.

आजी : म्हनूनच. डबी तुह्याजवर, वही माह्याजवर. डबी आनली का सही.

स्वयंसेवक : आणि मी नाहीच आलो तर?

आजी : तं तुये सर येतीन वही सोडवाले. त्याईलेबी विरजन देईन.