एका पिक्चरचे भाऊ

भाऊंनी जन्मात एकच इंग्रजी पिक्चर पाहिला, ‘गॉन विथ द विंड’. तोही निम्मा. अमरावतीला कॉलेजात असताना. मध्यंतर झालं आणि गावाकडच्या एसटीची वेळ झाली, म्हणून भाऊ उठले. त्यामुळे पुढं कित्येक वर्षं त्यांच्या लेखी पिक्चर तिथंच संपत होता: लढाईनं उजाड झालेल्या वावरात नायिका मातीतला मुळा उपटून खाते आणि पुन्हा उपाशी राहणार नाही म्हणून शपथ घेते. “शेतकऱ्याचा पिक्चर हाय तो,” भाऊ सांगायचे. अलीकडे भाच्यानं राहिलेला भाग मोबाईलवर दाखवला. त्यात नायिका आणखी दोन लग्नं करते, पोर दगावते, नवरा घर सोडून जातो. भाऊंनी ते मनावर घेतलं नाही. “मध्यंतरानंतर उगाच वाढवला,” एवढाच शेरा.

जग या पिक्चरला प्रेमकथा म्हणतं. मार्गारेट मिचेलची 1936 ची कादंबरी, तिच्यावरून 1939 मध्ये निघालेला जवळपास चार तासांचा पिक्चर, क्लार्क गेबल, व्हिव्हियन ली. भाऊंच्या मते प्रेम त्यात तोंडी लावण्यापुरतं. पिक्चर कापसाचा आहे.

हे ते शिरपूरच्या पानठेल्यावर सांगतात, आणि सोयाबीनचा भाव पडला की जास्तच आवेशानं. “रेट बटलर म्हंजे कोन? हिरो? नाही बावा! नाकाबंदी चुकवनारा व्यापारी!” लिंकननं 1861 मध्ये दक्षिणेची बंदरं रोखली, विलायतेच्या गिरण्यांचा कापूस अडला. तिकडं गबर झाला बटलर, इकडं गबर झालं आपलं वऱ्हाड.

यात भाऊंचं काही चुकत नाही. अमेरिकेतली यादवी चार वर्षं चालली, तेवढ्यात मुंबईहून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले, वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला आणि 1865 मध्ये लढाई थांबली तसा मुंबईचा शेअरबाजार आडवा झाला. घोटाळा होतो तो पुढं. भाऊंच्या खापरपणजोबांनी म्हणे त्याच तेजीत सोळा एकर काळी घेतली. म्हणजे खापरपणजोबा आणि रेट बटलर एकाच धंद्यातले. म्हणजे जवळजवळ भागीदारच. “फोटोत मिशाबी तशाच हायेत,” भाऊ म्हणतात. फोटो अजून कोणी पाहिलेला नाही.

सोसायटीचा गटसचिव पानठेल्यावर असला, की नायिकेचा, म्हणजे ‘स्कारलेटबाई’चा, प्रसंग हमखास निघतो. टारा या तिच्या घरच्या मळ्याच्या जमिनीवर तीनशे डॉलरचा कर चढलेला. बाई घरातल्या मखमली पडद्याचा झगा शिवून बटलरकडं पैसे मागायला जाते. तो तुरुंगात, हात वर करतो. मग ती सख्ख्या बहिणीचा ठरलेला नवरा पटवते, त्याच्याशी लग्न लावते आणि कर भरून मोकळी होते. “त्या काळी पीककर्ज वेळेवर भेटलं असतं, त हे लगन टळलं असतं,” भाऊ गटसचिवाकडं न पाहता म्हणतात. गटसचिव सुपारी चघळत राहतो.

व्हिव्हियन ली 1913 मध्ये दार्जिलिंगला जन्मली, हे कळल्यापासून ती ‘आपली पोरगी’ झाली आहे. आणि मिचेलबाईंनी हयातीत एकच कादंबरी छापली, यावर तर भाऊ बेहद्द खूश. “तिनं एकच लिहिली, म्या एकच पाह्यला. हिशेब बरोबर!”

त्यांचा हिशेब चुकवणारं माणूस घरातच आहे. भाच्यानं मोबाईल लावला, तेव्हा वहिनी ओट्यावर तूर पाखडत होत्या. मध्यंतरानंतर मालकाच्या पोरी स्वतः कापूस वेचतात आणि आपल्या हातांकडं पाहून कुरकुरतात. वहिनींनी सूप थांबवलं. “चार दिवस वेचला त रडून राह्यल्या! आधी कोन वेचे मंग?”

“गुलाम,” भाऊ म्हणाले.

“मंग त्यायचा पिक्चर कुठी हाय?”

भाऊंनी हुकमाचं पान काढलं: त्यातली गुलाम दाई मॅमी झालेली हॅटी मॅकडॅनियल. ऑस्कर मिळवणारी पहिली काळी व्यक्ती! भाच्यानं शहाणपणा करून पुढचंही वाचलं. अटलांटाच्या पहिल्या खेळाला तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला जाता आलं नाही, आणि 1940 च्या बक्षीस समारंभात तिचं टेबल बाकीच्या कलाकारांपासून वेगळं, कडेला लावलं होतं.

“बक्षीस देल्लं, पन पंगतीत नाही बसवलं,” वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. भाऊंनी मोबाईलचा आवाज वाढवला.

अख्ख्या पिक्चरमधला एकच प्रसंग वहिनींना पटला. पडद्याचा झगा घालून बाई तुरुंगात बटलरपुढं मोठी सुखवस्तू असल्याचा आव आणते. तो तिचे हात उघडून तळवे पाहतो आणि थाप ओळखतो. वहिनींनी स्वतःची बोटं पुढं केली, बोंडाच्या टोकानं ओरखडलेली, नखांच्या कडा फाटलेल्या. “गडी हुशार हाय,” त्या म्हणाल्या. “वेचनीचे हात झाकत नाहीत.”

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला शिरपूर जैनला याल, तर पानठेल्यावर भाऊ भेटतीलच. पिक्चर पाहिला नाही, असं त्यांना सांगू नका. चार तास जातील. पाहिला म्हणालात, तरी तेवढेच जातील. घाई असेल तर सरळ वहिनींना विचारा. त्यांचं पाच मिनिटांत आटोपतं.