हौशी गेमकाराचं खरेदीशास्त्र

मोबाइलवरचा गेम बनवायचा संकल्प सोडला की पहिलं काम म्हणजे गेम न बनवणं. आधी लॅपटॉप बघायचा. या अवस्थेत साधक रात्री दीड-दीड वाजेपर्यंत यूट्यूबवर परीक्षणं पाहतो, जेवताना 'कोअर', 'थ्रेड', 'रिफ्रेश रेट' असे शब्द उच्चारू लागतो, आणि गेममध्ये नक्की काय असणार असं कुणी विचारलंच तर "ते नंतर, आधी मशीन फायनल होऊ दे" असं सांगतो. घरच्यांनी त्यात व्यत्यय आणू नये. पुष्कळांचा छंद याच टप्प्यावर सुखासमाधानानं पार पडतो आणि कुणाचं फारसं नुकसानही होत नाही.

ज्यांना यापुढे जायचंच आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

प्रथम बजेट. प्रचलित रीत अशी की तीस हजारांपासून सुरुवात करावी. मग 'अजून पाच टाकले तर' या मंत्राचा जप करावा. जप नीट झाला तर आकडा आठवडाभरात पंचावन्नवर जातो. तेवढ्यात घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस "एकदाच घ्यायचा तर चांगला घे" असा आशीर्वाद देतं आणि आकडा लाखाला टेकतो. लाखाला येतो तो गेमिंग लॅपटॉप. त्याच्या कीबोर्डातून सात रंग फाकतात, पंख्यांच्या आवाजात शेजारच्या खोलीतली मालिका ऐकू येत नाही, आणि अडाप्टरला वेगळी पिशवी लागते. तो गेम खेळण्यासाठी बनवलाय असं त्याच्या नावातच लिहिलेलं असतं. साधकही तो घरी आणून प्रामाणिकपणे तेच करतो.

आता जरा कामाचं. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर तानेली अर्मांतोनं केलेला सापाचा खेळ आला, तो काळ्या ठिपक्यांचा होता. २०१३ मध्ये हनोईच्या डाँग न्गुयेननं 'फ्लॅपी बर्ड' काढला. त्यात एक पक्षी होता आणि काही हिरवे पाइप. २०२४ मध्ये गाजलेला 'बलाट्रो' एकाच माणसानं 'लव्ह' नावाच्या फुकट आणि साध्या चौकटीत लिहिला. तो मूळचा संगणकावरचा, पण त्याच वर्षी फोनवरही आला. हे खेळताना लोकांची स्टेशनं चुकली, पण बनवणाऱ्याकडे ग्राफिक्स कार्ड कुठलं होतं अशी चौकशी एकानंही केली नाही.

तेव्हा नियम असा: द्विमितीय गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, प्रोसेसरच्या पोटात असतं तेवढं पुरतं. ज्यांना पहिल्याच गेममध्ये पावसात भिजलेला दादरचा पूल, खालून जाणारी लोकल आणि पुलावर छत्र्या घेतलेले तीनशे प्रवासी हवे आहेत, त्यांना या लेखाचा उपयोग नाही. त्यांना बँकेचा उपयोग होईल.

पैसा ओतायचाच तर रॅममध्ये ओतावा. आठ जीबीवर काम सुरू होतं, पण सुरूच राहत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ, ब्राउझरचे पंधरा टॅब आणि पाठीमागे चाललेलं गाणं, एवढ्यात आठ जीबी संपतात आणि मशीन विचारात पडतं. सोळा जीबी घ्यावी. एआयच्या डेटासेंटर्सनी २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढवल्यापासून हा सल्ला देताना जीभ जरा अडखळते, तरी सल्ला तोच. दुसरी गोष्ट एसएसडी. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि बारीकसारीक हजारो फाइली वाचायच्या असतात तेव्हा फरक याहून कितीतरी मोठा पडतो. हार्ड डिस्कवर युनिटी हे गेम बनवायचं इंजिन उघडायला लावून चहा टाकावा, प्यावा, कप विसळावा आणि मग परत येऊन बघावं. अजून उघडतच असेल.

युनिटीचं नाव निघालंच म्हणून सांगतो. ते काही जीबींचं प्रकरण आहे. हौशी माणसाला फुकट मिळतं. या कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्ये दर इन्स्टॉलमागे शुल्क घ्यायचं जाहीर केलं, जगभर बोंब झाली आणि वर्षभरानं ते रद्द झालं. त्या गडबडीत बरेच लोक 'गोदो'कडे वळले. हे अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं, २०१४ पासून सगळ्यांना खुलं असलेलं इंजिन. एका कप्प्यात मावतं, जुन्या मशीनवर चालतं, लिनक्सवर चालतं. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलंय, म्हणजे शेवटपर्यंत न येणाऱ्या इसमावरून. हौशी गेमच्या प्रकाशन-तारखेबद्दल यापेक्षा स्पष्ट सूचना कुठलीच कंपनी देत नाही. गोदोचा एडिटर थेट अँड्रॉइड फोनवरही चालतो, म्हणजे लॅपटॉप न घेताही गेम बनवता येतो. हे वाक्य घरच्यांच्या हाती लागू देऊ नये.

आता बाजार. नवा घेण्यापेक्षा कंपन्यांनी मोडीत काढलेला लॅपटॉप घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चढतं. त्यामुळे ऑफिसांतून जुनी मशीनं गठ्ठ्यानं बाहेर पडली आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, काचेच्या फडताळात येऊन बसली. तिथे संवाद साधारण असा होतो.

"आय-फाइव्ह आहे साहेब. टॉप मशीन."

"कितवी पिढी?"

"आय-फाइव्ह आहे ना साहेब!"

इथे हसू नये. मशीन चालू करून प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचावं. आय-फाइव्हच्या पुढे ६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. पातळ लॅपटॉपांतल्या सातव्या पिढीपर्यंतच्या आय-फाइव्हला दोनच कोअर असायचे, आठवीत चार झाले. स्टिकर मात्र दोन्हींवर सारखंच चमकतं, आणि दुकानदार स्टिकर विकतो.

मग टास्क मॅनेजर उघडावा. मेमरीच्या पानावर रॅमच्या दोनपैकी किती खाचा भरल्यात ते लिहिलेलं असतं. एक मोकळी असेल तर मनातल्या मनात आनंद मानावा, चेहऱ्यावर दाखवू नये, भाव वाढतो. थिंकपॅड टी-४८० या २०१८ च्या मॉडेलला रॅमच्या दोन सुट्या खाचा आहेत. नावात शेवटी फक्त 'एस' लागलेल्या त्याच्या सडपातळ भावंडाची काही रॅम बोर्डावर डाखलेली असते. एका अक्षरासाठी पुढची पाच वर्षं पस्तावायचं नसेल तर चष्मा लावून जावं.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि नव्वद टक्के गिऱ्हाईक जे करत नाही ते: मशीन बंद करून चालू करताना एफ-वन किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, शिरावं. पासवर्ड मागितला तर लॅपटॉप काउंटरवर ठेवून नमस्कार करावा. जुन्या मालकाच्या आयटी विभागानं घातलेलं ते कुलूप असतं आणि टी-४८० सारख्या मशीनवर ते अधिकृतपणे काढायचं म्हणजे मदरबोर्डच बदलायचा. आत शिरता आलं नाही तर व्हर्च्युअलायझेशन चालू करता येत नाही, आणि ते बंद असलं की संगणकावरचा नकली फोन, म्हणजे एम्युलेटर, धड चालत नाही. दुकानदार म्हणेल, "पासवर्ड आपला मुलगा काढून देतो संध्याकाळपर्यंत." मुलाला यश चिंतावं आणि पुढच्या दुकानात जावं.

बॅटरीचा अहवाल विंडोजमधूनच निघतो. मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी छापून येतात. बिजागरी, प्रत्येक कळ, प्रत्येक यूएसबी तपासावी. सिरियल नंबर घातलेलं जीएसटीचं बिल मागावं. "बिल हवंय का साहेब?" या प्रश्नातला सूर ओळखीचा असला तरी हवंच म्हणावं. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास हे सगळं जमतं. डेस्कटॉप याहून स्वस्त पडतो खरा, पण ज्यांच्या गावात वीज दुपारी गायब होते त्यांनी यूपीएसचा खर्च आधी मिळवून बघावा.

यानंतर खरं हार्डवेअर, जे घरात आधीच असतं आणि ज्याकडे कुणी बघत नाही: आत्याचा जुना फोन. काचेला तडा, तीन जीबी रॅम, साठवण गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेली. बहुसंख्य खेळाडूंच्या हातात असलाच फोन असतो. गेम त्यावर अडखळला तर गेममध्ये दोष आहे, आत्यामध्ये नाही. त्या फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटावं. शेवटच्या टिचकीला फोन कळवतो की आता तुम्ही डेव्हलपर झालात. कुठल्याही क्लासची फी न भरता मिळणारी ही एकमेव पदवी असावी. स्क्रीनशॉट काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही. मग यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडावी. फोन दिसला नाही तर ड्रायव्हर उलथेपालथे करण्याआधी केबल बदलावी. ड्रॉवरमधल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही, आणि या एका कारणापायी कितीतरी होतकरू गेमकार पुन्हा नोकरीच्या कामाला लागले असतील.

आयफोनचा मोह पुढे ढकलावा. ॲपलच्या दुकानात गेम ठेवायचा तर मॅक हवा, शिवाय वर्षाला नव्व्याण्णव डॉलर. सोळा जीबीचा एम-फोर मॅक मिनी भारतात आला तेव्हा ५९,९०० रुपयांना होता आणि त्यात पडदा, कीबोर्ड, माउस काहीच नव्हतं. पहिल्या गेमनं हे पैसे मिळवावेत, मग विचार करावा.

गूगल एकदाच पंचवीस डॉलर घेतं. पण तिथे शेवटचं हार्डवेअर लागतं आणि ते लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही: माणसं. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यावा लागतो. आधी ही अट वीस जणांची होती, गूगललाही दया आली. तेव्हा रॅमची चौकशी करता करताच बारा नावं कागदावर लिहून ठेवा. पहिली सात पटकन सुचतात. उरलेल्या पाचांसाठी सासरच्या मंडळींशी संबंध आत्तापासूनच सुधारायला घ्या, आणि ते आयफोनवाले नाहीत ना, हे आधी विचारा.