भाच्याचं तिसरं पेडल

“आमच्या सांगलीच्या भाच्याचं कळलं का तुला?”

काकूंनी पदराला हात पुसले आणि आवाज खाली घेतला. दोन्ही एकदम झालं म्हणजे बातमी दमदार असते.

“नाही हो. काय केलं त्यानं?”

“गाडी घातली शेजारणीच्या कुंपणात. विश्रामबागेत अख्ख्या गल्लीनं बघितलं. आणि आत कोण बसलं होतं म्हणशील? कुणी नाही! हा बाहेर उभा. खिडकीतनं हात घालून चावी फिरवली, तर गाडीनं जी उडी मारली ती थेट जास्वंदीत.”

“भूत शिरलं काय गाडीत?”

“भूत कसलं! गिअरमध्ये होती गाडी,” पलीकडून नाना बोलले. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. झाडांना पाणी घालत असले तरी कान आमच्याकडंच असतात. “आधी ऑटोमॅटिक होती, आता तिच्यात हातानं टाकायचे गिअर बसवलेत. गाडी बदलली, पण ह्याचा हात अजून ऑटोमॅटिकच आहे.”

“असं बदलता येतं?”

“पैसे मोजले की मिस्त्री काय वाट्टेल ते करून देतो,” काकू म्हणाल्या. “पण का केलं ते विचार की. तिकडं सगळे म्हणतात, बायको याच्यापेक्षा चांगली चालवायला लागली. दिवाळीला एकटी आली की गं साताऱ्यापर्यंत! तेव्हापासून याच्या पोटात दुखायला लागलं. क्लच बसवला की ती गाडीला हात लावणार नाही, असा हिशेब.”

“उगाच पोराला बदनाम करू नकोस.” नाना नळ बंद करून कुंपणाशी आले. “गिअरबॉक्स गेला होता त्याचा. जुनी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. स्वस्त का, ते आधीच्या मालकाला माहीत होतं. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललेलंच नाही. काळं पडलेलं, जळका वास. डी मध्ये टाकली की गाडी आधी विचार करायची, मग निघायची. पुढं पुढं तर चढाला नुसतं इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलेना. नव्या गिअरबॉक्सचा भाव काढला, तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. उघडून दुरुस्त करणारा माणूस जवळपास नाही, आणि पुण्याला न्यायची म्हणजे टो करून. त्या मॉडेलच्या बहुतेक गाड्या मात्र साध्या गिअरच्याच विकल्या गेल्या. त्यांचे गिअरबॉक्स भंगारवाल्याकडं पडलेत. मग माणूस काय करणार?”

“मग एक उतरवायचा आणि दुसरा चढवायचा. दोन दिवसांचं काम,” मी म्हटलं.

नाना हसले. खांबाला टेकले. म्हणजे आता लवकर सुटका नव्हती.

“त्याच्या जातीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच नसतो. टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन चक्रं, मध्ये तेल. इंजिन एक चक्र फिरवतं, त्यानं तेल ढकललं जातं, तेलानं दुसरं फिरतं. म्हणून तर ब्रेकवर पाय ठेवून गाडी गिअरमध्येच उभी राहते, बंद पडत नाही. हे सगळं काढलं की इंजिनाच्या मागं उरते एक पातळ प्लेट. क्लच दाबून बसायला तिथं जाड, वजनदार फ्लायव्हील लागतं. त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. गिअरबॉक्सचा आकार वेगळा, म्हणून माउंटिंग वेगळं. ड्राइव्ह शाफ्ट कधी जुळतात, कधी आखूड पडतात. हे झालं बॉनेटखालचं.”

“अजून आहे?”

“आत ये ना. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं, क्लचला जागाच नसते. ते अख्खं पेडल बॉक्स बदलायचं. क्लचची केबल किंवा ऑइलचा सिलिंडर बसवायला पुढच्या पत्र्यात भोक हवं. काही कंपन्या ती जागा आधीच ठेवतात, तेवढं नशीब. दोन सीटांच्या मधला दांडा जाऊन नवा दांडा, त्याच्या केबल. एवढं करून मिस्त्रीनं चावी मारली, तर गाडी ढिम्म.”

“का?”

“ऑटोमॅटिक गाडी पी नाहीतर एन मध्येच स्टार्ट होते. त्याचा स्विच असतो गिअरबॉक्सवर. गिअरबॉक्स गेला, स्विच गेला. गाडीला वाटतं, आपण अजून गिअरमध्ये आहोत. सांगलीच्या मिस्त्रीनं काय केलं, तिथल्या दोन वायरी पिळून जोडल्या. झाली चालू! पण आता ती कुठल्याही गिअरमध्ये स्टार्टर घेणार. क्लचच्या पेडलखाली एक छोटा स्विच बसवायचा होता, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा. किरकोळ काम. ते राहिलं आणि शेजारणीची जास्वंद गेली.”

“रिव्हर्सचा दिवापण लागत नव्हता म्हणे,” काकू म्हणाल्या.

“त्याचाही स्विच तिथंच होता. आणि इंजिनाच्या कंप्युटरचं तर विचारूच नको. तो सारखा गिअरबॉक्सच्या कंप्युटरला हाका मारणार, तिकडून उत्तर नाही. मग डॅशबोर्डवर दिवा, आणि काही गाड्यांत ताकदच कमी करून टाकतो. शेवटी साध्या गिअरच्या गाडीचा कंप्युटर आणायचा, तोही चावीशी जुळवून घ्यायचा, नाहीतर इमोबिलायझर गाडी सुरू होऊ देत नाही. भाच्याचा खरा खर्च तिथं झाला. लोखंड स्वस्तात मिळालं, वायरिंगनं खिसा कापला.”

“तरीपण चालते ना आता?” मी विचारलं.

“उत्तम चालते. परवा यवतेश्वरचा घाट उतरवला मी स्वतः. सेकंडला टाकली, ब्रेकला जेमतेम पाय. आमच्या एसटीत जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, पण लोक डी मध्येच पसरणी उतरतात आणि खाली वाईत येऊन ब्रेकचा वास कुठून येतोय म्हणून विचारतात.”

काकूंना घाटात रस नव्हता. “माझी प्रिया बरी होती,” त्या म्हणाल्या. प्रिया म्हणजे नानांची स्कूटर. बजाजची, पण बनायची इथं साताऱ्यात, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. “डाव्या मुठीत क्लच, डाव्या मुठीत गिअर. केबल तुटली तर कुठल्याही नाक्यावर पोरगं बसवून द्यायचं.”

“तेच तर म्हणतोय मी,” नाना म्हणाले. “शोरूमवाला गाडी विकतो, पण ती रस्त्यावर किती वर्षं राहणार हे नाक्यावरचा मिस्त्री ठरवतो. त्याला जे उघडता येतं ते टिकतं. सांगलीकडं तर ती कला घराघरांत. देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात का?”

“यशवंतराव चव्हाण जन्मले ते देवराष्ट्रे? ते भंगारातनं जीप करणारे?”

“तेच. २०२१ सालातली गोष्ट. स्कूटरसारखी किक मारून चालू होणारी चारचाकी. साधारण साठ हजारांत बनवली. डिसेंबरात आनंद महिंद्रांनी व्हिडिओ बघितला आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्या जानेवारीत दिलीसुद्धा. पण तेव्हाच त्यांनी लिहिलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतील.”

“मग भाच्याची बसते का नियमात?”

नानांनी इकडंतिकडं बघितलं, जणू आरटीओवाले लिंबाच्या झाडावर बसलेत. “मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. कंपनीनं जे ठरवून दिलंय आणि नोंदणीत जे लिहिलंय, त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत केरळच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. सीएनजी किट बसवायला रीतसर वाट आहे. अपंग माणसासाठी गाडीत फेरफार करायलाही आरटीओची मंजुरी मिळते. पण हे आपलं हौसेचं नाहीतर अडचणीचं काम, त्याला आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारायला हवं. ह्यानं विचारलं सांगलीच्या एका एजंटाला. एजंट म्हणाला, ‘बघू.’”

“म्हणून तर विकायला काढलीय,” काकूंनी आवाज पुन्हा खाली घेतला, “आणि गिऱ्हाईक मिळेना! कागदावर मॉडेल ऑटोमॅटिकचं. ऑटोमॅटिक पाहिजे असणारा येतो, तीन पेडलं बघतो, चहा पिऊन जातो. गिअरची पाहिजे असणारा कागद बघून बिचकतो. चहा-साखरेचा खर्च वाढलाय नुसता.”

“आणि तिचं काय? सूनबाईचं?”

“तिचं काय!” काकू खळखळून हसल्या. “आठ दिवसांत क्लच शिकली. आता इस्लामपूरला शाळेवर तीच गाडी नेते, आणि हा जातो मोटरसायकलवर.”

“म्हणजे गल्ली म्हणत होती ते खोटं?”

“खोटं कशाला? हिशेब चुकला म्हणायचं.”

आता मला माझं बोलणं भाग होतं. पोवई नाका ते राजवाडा एवढ्यात डावा गुडघा बोलायला लागतो, म्हणून मीही एक जुनी ऑटोमॅटिक बघून ठेवली होती. हळूच सांगितलं.

“कुठली ऑटोमॅटिक?” नानांनी लगेच विचारलं. “टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, दोन क्लचवाली, का एएमटी? बाजारात सगळ्यांना एकच नाव, पण उघडल्यावर चार वेगळी यंत्रं निघतात.”

मी मॉडेल सांगितलं. नानांचा चेहरा सैल झाला.

“ही एएमटी. २०१४ ला सेलेरिओत आली तीच जात. हिच्यात साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच असतो. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर एक यंत्राचा हात बसवलेला. गिअर बदलताना मान जराशी हलवते, पण आतलं लोखंड आपल्या मिस्त्रीच्या ओळखीचं. तो वरचा हात मात्र महाग. म्हणून गाडीची किंमत मागाहून विचार, आधी त्याची विचार. आणि चढाला नेऊन थांबव, मग उचल. मागं घरंगळते का, हादरते का, बघ. क्लच प्लेट संपलेली असेल तर तिथंच कळतं.”

“रविवारी जाऊन बघते,” मी म्हटलं.

“जा, जरूर जा,” काकू म्हणाल्या. “घेतलीस तर पहिल्यांदा मला सांग बाई. दुसऱ्या कुणाकडनं कळलं तर मी चार लोकांना काय सांगणार?”